वाचनालय कोण उघडणार?

पत्रक माझ्या हातात पडलं तेव्हा नावनोंदणीची मुदत उलटून चार दिवस झाले होते. पणजीत पाच दिवसांची कार्यशाळा. विषय ग्रंथालयाचं संगणकीकरण, फी नाही, दुपारचं जेवण तिथंच. पत्रक वाचनालय चालवणाऱ्या संस्थेच्या पत्त्यावर आलं होतं, म्हणजे अध्यक्षांच्या घरी. चवथीच्या गडबडीत ते टीव्हीखालच्या कप्प्यात राहिलं आणि मग जुन्या मासिकांबरोबर वाचनालयात पोचलं. तेव्हा मला या वाचनालयात सोळा वर्षं झाली होती. अनुदानाची, हिशेबाची, तपासणीची पत्रं नेहमी येतात. वाचनालयात बसणाऱ्या माणसानं काही शिकावं म्हणून आलेलं, माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच पत्र. मी ते घडी घालून दाखल नोंदवहीत ठेवलं. अजून तिथंच आहे.

आमचं वाचनालय साखळीजवळच्या एका गावात, देवळाच्या अग्रशाळेतल्या दोन खोल्यांत आहे. अकरा कपाटं, ४,७०० च्या आसपास पुस्तकं. झाडलोट, वर्तमानपत्रं काठीला लावणं, देवघेव, वर्गणी, पावसाळ्यात ऊन पडलं की कपाटं उघडून पुस्तकांना वारा देणं, सगळं माझ्याकडे. गावात बोलायची कोकणी आणि वाचायची मराठी. सकाळी पेपरावरून वाद होतात ते कोकणीत, आणि पुरावा म्हणून मोठ्यानं वाचून दाखवतात तो मराठी अग्रलेख.

मुदत गेली होती तरी मी पत्रकावरच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, दोन जागा रिकाम्या आहेत, सोमवारी साडेनऊला हजर राहा. तो दिवस शनिवार होता. मी आमच्या सचिवांकडे गेले. त्यांची काहीच हरकत नव्हती. त्यांनी एकच विचारलं, "तू जा गो, पण पाच दिवस वाचनालय कोण उघडणार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. जिथं चार माणसं कामाला असतात तिथं एक शिकायला गेला तर तिघं सांभाळून घेतात. आमच्यासारख्या ठिकाणी एकच माणूस, आणि तो गेला की दाराला कुलूप. पत्रकात 'आपल्या कर्मचाऱ्यास पाठवावे' एवढंच होतं. त्याच्या जागी कुणी बसायचं ते नव्हतं. पुढं मी पाहिलेल्या बहुतेक पत्रकांतही ते नसतं, आणि माझ्या मते खेड्यातल्या ग्रंथालयांचं शिक्षण अडतं ते इथंच. फी, भाषा, बसभाडं हे सगळं नंतर येतं.

गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आमच्याकडे आठवड्याला दोन कादंबऱ्या नेतात. मी त्यांच्या घरी गेले. त्या लगेच म्हणाल्या, "मी बसते. मला फक्त तुझी वही समजावून सांग."

वही समजावताना माझी मलाच जाणीव झाली की अर्धं वाचनालय वहीत आहे आणि अर्धं माझ्या डोक्यात. कुठली पुस्तकं शेजारणीच्या नावावर जातात, कुणाची वर्गणी मुलगा पगार झाल्यावर भरतो, तिसऱ्या कपाटात धार्मिक पुस्तकांच्या मागं शिकारकथा का आहेत, यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं. रविवारी दिवसभर बसून मी चार पानं लिहून काढली. सोळा वर्षांत मी वाचनालयाबद्दल लिहिलेला तो पहिला कागद, आणि तो कार्यशाळेच्या आधीच तयार झाला.

सोमवारी पहाटेची कदंबा बस पकडून पणजी. बसस्टँड पाटो भागात, आणि कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही पाटोलाच, चालत जाण्याच्या अंतरावर. कार्यशाळा दुसऱ्या इमारतीत होती, पण लवकर पोचल्यामुळं मी आधी ग्रंथालयाच्या दारापर्यंत जाऊन आले. १८३२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत धरतात. लहानपणी आजोबांबरोबर मी ते जुन्या जागेत, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत पाहिलं होतं. पुस्तकं आठवत नाहीत. प्रवेशद्वारातल्या भिंतीवरच्या निळ्या फरशांची चित्रं आठवतात.

कार्यशाळेत आम्ही बावीस जण होतो. बहुतेक शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांतले, पदवी असलेले. गावच्या वाचनालयातून आलेल्या आम्ही तिघी. शिकवायचा विषय होता कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं सगळं काम एका जागी करणारी मोफत संगणकप्रणाली. पहिल्या तासाला सरांनी तिची गोष्ट सांगितली, आणि माझी भीती गेली ती तिथंच. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा ग्रामीण भाग आहे. १९९९ मध्ये तिथल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडणार होती आणि नवी विकत घ्यायला पैसे पुरत नव्हते. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःसाठी बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि मग सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. मोठ्या विद्यापीठांतसुद्धा चालणारी ही गोष्ट आमच्यासारख्याच आडगावच्या ग्रंथालयाच्या अडचणीतून आली, हे ऐकल्यावर मी वहीचं पान उलटून नीट लिहून घ्यायला सुरुवात केली.

पुढचे दोन दिवस कठीण गेले. पुस्तकाची नोंद मार्क नावाच्या साच्यात करायची असते आणि त्यात प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे पुस्तकाचं नाव, ०२० म्हणजे आयएसबीएन, ०८२ म्हणजे ड्यूईचा वर्गांक, पुस्तक विषयानुसार कुठल्या फळीवर जाणार ते सांगणारा आकडा. सुरुवातीला हे कपाटांच्या नंबरांसारखं पाठ केलं. मग लक्षात आलं की दाखल नोंदवहीत मी जे रकाने आखत होते तेच हे, फक्त जास्त बारीक.

देवनागरी टाइप करणं मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. रोमनमधून टाइप करणाऱ्यांपेक्षा पहिले दोन दिवस मी मागं होते, चौथ्या दिवशी पुढं गेले. नव्यानं शिकणाऱ्यानं हाच रस्ता धरावा असं मी आग्रहानं सांगेन.

ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं आणि कोकणी त्याच घरात, ८९१.४६९ ला. फळीवर दोघी शेजारणी. मला ते फार आवडलं. पण बोरकरांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्यातल्या एकीनं काढला. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, म्हणजे एकच कवी दोन फळ्यांवर. सरांनी सांगितलं, पुस्तक ज्या भाषेत आहे तिथं ठेवा, पण लेखकाचं नाव दोन्हीकडे अगदी एकसारखं लिहा, म्हणजे नाव टाकलं की दोन्ही भाषांतली पुस्तकं एकत्र येतील. मराठीत ही अडचण पावलोपावली आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे आपल्याला ठाऊक असतं. संगणकाला ते सांगून ठेवावं लागतं, नाहीतर वाचकाला कविता मिळतात आणि नाटकं मिळत नाहीत.

दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद तयार उतरवून घेता येते, हेही शिकवलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या मोठ्या ग्रंथालयाचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे आणि ते भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करतं, म्हणून आपली कितीतरी पुस्तकं त्यांच्या यादीत सापडतात. मी एक मराठी कादंबरी शोधली, सापडली, पण आली ती रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं. आमच्या गावात ते कोण वाचणार? पानांची संख्या, प्रकाशक, वर्ष तिथून घेतलं आणि नाव देवनागरीत माझ्या हातानं घातलं. रोमन नोंद असेल तर मूळ लिपी ठेवायला ८८० हा वेगळा रकाना आहे. आम्ही आमच्याकडे थेट देवनागरीच मुख्य ठेवली.

गावी परतले तेव्हा बाईंनी वाचनालय चोख ठेवलं होतं. माझ्या चार पानांखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात आणखी सात ओळी घातल्या होत्या.

संस्थेकडं देणगीत आलेला एक जुना संगणक होता. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असलेल्या गावातल्या मुलानं त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी मोफत प्रणाली घालून कोहा बसवून दिली. पहिल्या आठवड्यात मी साठ पुस्तकं भरली आणि शोधायला गेले तर अर्धी सापडेनात. तीन दिवस मला वाटत राहिलं की मीच चुकीचं टाइप करतेय. शेवटी कार्यशाळेतल्या सरांना फोन केला. शोधासाठी शब्दांची जी सूची तयार होते ती रोमन लिपी धरून केलेली होती. देवनागरीसाठी आयसीयू नावाची पद्धत निवडून सूची पुन्हा करावी लागते. ती केली आणि पुस्तकं आली. तरी काही राहिलीच. ती 'ॲ'ची. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या लिप्यांच्या प्रमाण संचात, २००८ मध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या सवयीनं 'अ' लिहून वर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखं, संगणकाला मात्र दोन वेगळी अक्षरं. 'ॲड.' लावणारे लेखक असे हरवले होते. मी एका कागदावर नियम लिहून संगणकाच्या वर चिकटवला: 'ॲ' एकाच बटणाचा, वर्गांकाचे आकडे नेहमी इंग्रजी, लेखकाचं आडनाव आधी.

संस्थेनं पूर्वी एका डीटीपीवाल्याकडून पुस्तकांची यादी करून घेतली होती. ती उघडली तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, कारण ती जुन्या फॉन्टमध्ये होती आणि युनिकोडमध्ये नव्हती. दोन वर्षांचं कुणाचं तरी काम होतं ते. मला खूप वाईट वाटलं. म्हणून दर शुक्रवारी मी सगळी माहिती पेनड्राइव्हवर उतरवून घेते आणि तो पेनड्राइव्ह घरी नेते. दाखल नोंदवहीही अजून हातानं लिहिते. आमच्याकडे पावसात वीज दुपारी गेली की रात्रीच येते.

आता नाटकांबद्दल. आमच्याकडे जत्रा, कालो, वर्धापनदिन आला की गावोगाव मराठी नाटक बसतं. कार्तिक लागला की वाचनालयात संहितांसाठी माणसं येतात, आमच्या गावची आणि शेजारच्या चार गावांची. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरणारी मंडळीही येतात. त्यांना लेखक नको असतो, विषयही नंतर. पहिला प्रश्न ठरलेला: "बाय, दोन बायलो आशिल्लें नाटक आसा?" गावात पुरुष नट भरपूर, स्त्री पात्रं बाहेरून आणावी लागतात, त्यांचं मानधन, येणं-जाणं असतं. दोन स्त्रिया परवडतात, तीन झाल्या की वर्गणी पुरत नाही. सोळा वर्षं मी कपाटापुढं उभी राहून नाटकं काढून काढून पात्रपरिचयाचं पान उघडून दाखवत आले. कार्यशाळेत कुठल्याही रकान्यात 'स्त्री पात्रं किती' असं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी हे सरांना विचारलं होतं. मनात धाकधूक होती, कारण वर्गात सगळे विद्यापीठाच्या भाषेत बोलत होते. सर थांबले, आणि त्यांनी हे फळ्यावर लिहिलं. ५९० हा रकाना प्रत्येक ग्रंथालयाला आपापल्या स्थानिक टिपेसाठी मोकळा असतो. तिथं लिहा, म्हणाले, पण नेहमी एकाच शब्दांत लिहा. मग मी ठरवलं: 'पुरुष सहा, स्त्री दोन', आकडे अक्षरांत, म्हणजे इंग्रजी की देवनागरी हा गोंधळ नको. स्त्री पात्र नसलेल्या नाटकाला जुन्या पुस्तकांच्या वेष्टनावर छापतात तोच शब्द, 'स्त्रीपात्रविरहित'. त्याखाली अंक किती आणि नेपथ्य एकच आहे की बदलतं.

आमच्याकडे ३८० नाटकं आहेत. सगळी एकेक उघडून पात्रं मोजायला पावसाळ्याचे दोन महिने गेले. बाई मदतीला बसल्या. त्या मोठ्यानं वाचायच्या, मी टाइप करायचे, आणि एखाद्या नाटकात त्यांनी तरुणपणी पाहिलेलं काम आठवलं की तेवढा वेळ काम थांबायचं. पुढच्या कार्तिकात पहिला गट आला तेव्हा मी 'स्त्री दोन' टाकलं आणि यादी पडद्यावर आली. त्यांच्यातल्या वयस्कर दिग्दर्शकांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास ती यादी ते शांतपणे वाचत राहिले. त्यांतली नऊ नाटकं त्यांनी कधी ऐकलीसुद्धा नव्हती. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र मी पुढं इग्नूच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात शिकले. वाचताना डोळ्यांपुढं हे दिग्दर्शक होते.

कार्यशाळेत ओळख झालेल्या दोघींशी संबंध राहिला. त्यातल्या एकीनं मला वेबजंक्शन दाखवलं. ओसीएलसी या अमेरिकी संस्थेचा तो उपक्रम आहे, ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी ध्वनिचित्रित वर्ग तिथं मोफत असतात. इंग्रजी माझं बेताचं, पण खाली अक्षरं उमटतात आणि थांबवून वाचता येतं. रात्री भांडी झाल्यावर मोबाइलवर मी पुस्तकं बाद करण्यावरचा एक वर्ग पाहिला. टेक्सासच्या राज्य ग्रंथालयाची त्यासाठी सहा कसोट्यांची पद्धत आहे: माहिती दिशाभूल करणारी आहे का, पुस्तक फाटकं-कळकट आहे का, त्याची जागा नव्यानं घेतली आहे का, किरकोळ आहे का, आपल्या वाचकाला गैरलागू आहे का, आणि दुसरीकडे सहज मिळतं का.

पहिल्या पाच कसोट्यांवर मी बरीच पुस्तकं काढली. कालबाह्य झालेली परीक्षेची गाइडं, चार-चार प्रती असलेल्या कादंबऱ्या. पण एका कपाटात देवस्थानांच्या, शाळांच्या, भजनी मंडळांच्या स्मरणिका होत्या. कसर लागलेल्या, पानं पिवळी, कित्येकींना वेष्टन नाही. फाटकेपणाच्या कसोटीवर त्या पहिल्या जायला हव्या होत्या. सहावी कसोटी लावली आणि हात थांबला. दुसरीकडे कुठं मिळणार या? गावात कुणी पहिलं नाटक बसवलं, शाळेला जमीन कुणी दिली, पूल होण्याआधी होडी कोण वल्हवत होतं, हे छापलेलं त्याच पानांत आहे. मी त्या वेगळ्या कपाटात लावल्या, घरी न्यायला बंदी केली आणि प्रत्येकीतल्या लेखांची नावं नोंदीत घातली. परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचलू नये असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की ती नीट शेवटपर्यंत वाचावी. स्मरणिका बचावल्या त्या तिच्याच सहाव्या कसोटीमुळं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्या कित्येक पुस्तकांवर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का आहे. १९७२ पासून ही संस्था देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करते, आणि मी तिला पुस्तकं पाठवणारी संस्था म्हणूनच ओळखत होते. कार्यशाळा, उजळणी वर्ग भरवायलाही ती अर्थसाहाय्य देते हे वाचलं तेव्हा मी तो शिक्का मारलेलं पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बसले. इतकी वर्षं तो शिक्का रोज डोळ्यांपुढं होता.

त्यानंतर आम्ही तालुक्यातल्या सहा वाचनालयांच्या बायकांनी व्हॉट्सॲपवर गट केला. सुविचार, शुभेच्छा काही टाकायचं नाही, हा नियम. कुठं वर्ग, शिबिर, अभ्यासक्रम दिसला की तीन गोष्टी लिहायच्या: काय शिकवणार, शेवटची तारीख कुठली, आणि तुझ्या जागी कोण बसणार. तिसरी गोष्ट रिकामी असेल तर बाकीच्या पाच जणींनी उत्तर द्यायचं. एकीचं वाचनालय फक्त संध्याकाळी उघडं असतं, ती सकाळी दुसरीकडे बसू शकते. एकीचा सोमवार सुट्टीचा. हे सगळं आम्ही एका कागदावर मांडलं आणि आमच्या सहाही संस्थांच्या सचिवांच्या सह्या घेतल्या. आमच्या सचिवांनी पहिली सही केली.

पुढच्या महिन्यात पुस्तकांच्या जतनाचं दोन दिवसांचं शिबिर आहे. शेजारच्या गावची ताई जाणार आहे. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आजवर एकाही शिबिराला गेलेली नाही. पत्रक या वेळी मुदतीच्या अकरा दिवस आधी गटावर आलं आणि तिनं त्याच रात्री नाव दिलं. ते दोन दिवस आमच्याकडे बाई बसतील आणि मी तिच्याकडे. परवा जाऊन मी तिची वही समजून घेतली, तिनंही चार पानं लिहून ठेवली आहेत. तिच्या वाचनालयाचं दार पावसात फुगतं. आधी खालून पायानं आत रेटायचं आणि मग कुलपात चावी फिरवायची, हे तिनं मला दोनदा करून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं.